हिरवे रक्त, तांबडे रक्त

२ जुलै २०२१ रोजी पबजी भारतात नव्या नावाने परत आले. तेव्हा त्यात एक बदल कुणाच्याही नजरेत भरण्याजोगा होता. गोळी लागलेल्या माणसाच्या अंगातून आता हिरवे रक्त उडत होते. ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आले होते, हे खरे जग नव्हे अशी आठवण देणाऱ्या सूचना आल्या होत्या, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली होती. खेळाचा गाभा मात्र जसाच्या तसा राहिला. शंभर माणसे एका बेटावर उतरतात, घराघरांतून बंदुका गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी एकच टोळी जिवंत उरते. बाकी सगळे मेले पाहिजेत, हा नियम कुणाला खटकला नाही. खटकला तो रक्ताचा रंग.

युद्धखेळांवरची आपल्याकडची जवळजवळ सगळी चर्चा या हिरव्या रक्ताच्या पातळीवर चालते. एका बाजूला पालक, शिक्षक, वृत्तवाहिन्या. पडद्यावर बंदूक दिसली की मूल बिघडले. दुसऱ्या बाजूला खेळणारे. ‘गेम आहे, गेमच राहू द्या’ एवढे एक वाक्य त्यांना सगळ्या प्रश्नांवर पुरते. दोघांचेही डोळे चित्रावर खिळलेले आहेत. खेळ शिकवतो तो नियमातून: काय केले की जिंकता येते, काय केले की आपल्याच पक्षाचे नुकसान होते, आणि कोणती गोष्ट करायची म्हटली तरी करताच येत नाही. ही कसोटी लावली की दुसऱ्या महायुद्धावरचे किंवा अलीकडच्या लढायांवरचे, तुकडीने खेळायचे डावपेची शूटर विरोधकांना वाटतात त्यापेक्षा बरेच शहाणे निघतात. त्यांच्यात एक खोल खोटही सापडते, पण ती बंदुकीत किंवा रक्तात नाही. ती या खेळांनी जे गाळले आहे त्यात आहे.

आधी एक गैरसमज. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होते. ती बंदी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली, देशाची सुरक्षा आणि विदा (डेटा) परदेशी जाण्याच्या कारणाने होती. हिंसेचा त्यात संबंध नव्हता. त्याआधी मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी मनाई हुकूम काढून खेळणाऱ्या तरुणांना अटक केली होती, ती मात्र मुले बिघडतात म्हणून. लोकांच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एक झाल्या आणि ‘सरकारनेच बंद केला, म्हणजे वाईटच असणार’ असा निकाल लागला. त्या निकालाच्या दोरीने मग सगळेच खेळ बांधले गेले. घरातला मुलगा हेडफोन लावून कुणाला तरी ‘मागून दोघे येतायत’ असे ओरडला की तो ‘पबजी’च खेळतो आहे.

आता दुसऱ्या महायुद्धावरचा ‘हेल लेट लूज’ हा खेळ घ्या. इथेही खेळाडू शंभरच, पण पन्नास-पन्नासांच्या दोन फौजा. पायदळाची तुकडी जास्तीत जास्त सहा जणांची, रणगाड्याची तिघांची, टेहळणीची दोघांची. प्रत्येक तुकडीला एक अधिकारी, सगळ्यांवर एक कमांडर. आवाजाच्या वाटा तीन: जवळ उभ्या असलेल्या कुणालाही ऐकू जाणारी, फक्त आपल्या तुकडीची, आणि फक्त अधिकाऱ्यांची. नव्वद मिनिटांचा सामना, नकाशाच्या लांबीत एकामागे एक पाच ठाणी. सगळी घ्या, नाहीतर वेळ संपताना जास्त ठाणी हातात ठेवा. कुणी किती मारले यावर निकाल लागत नाही. गोळी लागली की नाही हे सांगणारी खूण नाही, कुणी कुणाला मारले याची यादी कोपऱ्यात धावत नाही, मेल्यावर मारणाऱ्याच्या डोळ्यांतून आपलाच मृत्यू दाखवणारी चित्रफीत नाही. झुडपाच्या दिशेने चार गोळ्या झाडता, पलीकडून येणारा गोळीबार थांबतो. तो मेला, पळाला की काडतुसे भरतो आहे? कळत नाही. पुढे जाऊन बघावे लागते आणि बघायला जाणाराच बहुधा पडतो. छातीत एक गोळी म्हणजे खेळ संपला. अमेरिकन गरँड रायफलीत आठ काडतुसे, जर्मन ‘कार-९८’ रायफलीत पाच, आणि तीही दर गोळीला खिटी ओढून. अशा खेळात ‘मी एकटा वीस मारतो’ म्हणणारा पहिल्या दहा मिनिटांत चार-पाच वेळा मरतो आणि बहुतेकदा गोळी कुठून आली हेही त्याला कळत नाही.

पण खरा खेळ बंदुकीचा नाहीच, तो रसदीचा आहे. मेल्यावर परत कुठे उभे राहायचे, यावर सामना ठरतो. अधिकारी ‘आउटपोस्ट’ टाकतो, तो फक्त त्याच्या तुकडीच्या कामाचा. सगळ्या फौजेला उतरता येईल असे ठिकाण म्हणजे ‘गॅरिसन’. ते टाकायला आपल्या हद्दीत ५० सप्लाय लागतात, शत्रूच्या हद्दीत १००. दोन गॅरिसनमध्ये निदान २०० मीटर अंतर हवे. शत्रूचा एक माणूस जरी १०० मीटरच्या आत घुसला तरी तिथून उतरणे बंद पडते. म्हणून जाणत्या फौजेत पहिली पाच मिनिटे कुणी गोळी झाडत नाही. अधिकारी आणि ‘सपोर्ट’ची भूमिका घेतलेला गडी मधल्या ठाण्याच्या मागे जातात, सपोर्ट सप्लायचे खोके टाकतो, अधिकारी गॅरिसन उभारतो. एक मागे, दोन बगलांना. एक तुटले तरी दुसरे राहावे. इंजिनिअर आणखी मागे जाऊन मनुष्यबळ, दारूगोळा आणि इंधन यांचे ‘नोड’ बांधतो. इंधन साठले नाही तर कमांडरला नवा रणगाडा मागवता येत नाही, दारूगोळा साठला नाही तर विमानहल्ला नाही.

आणि बिघडते कसे? नेहमी एकाच रीतीने. शिटी वाजली की पन्नासातले चाळीस जण मधल्या ठाण्याकडे धावत सुटतात. पाच मिनिटे मजा येते. मग माणसे पडू लागतात, आणि परत उतरायला जवळ काहीच नसल्याने थेट पिछाडीच्या मुख्य तळावर उगवतात. तिथून पुढे लांबलचक पायपीट, ती संपते न संपते तोच पुन्हा गोळी. दरम्यान शत्रूचे टेहळणीवाले दोघे मागे शिरून असलेले एकुलते गॅरिसनही उखडतात. मशीनगनवाला तुकडी सोडून कुठल्या तरी टेकडीवर एकटा बसलेला असतो. त्याची बाजू राखायला कुणी नाही, म्हणून मागून एक जण येतो आणि काम संपते. रणगाडा पायदळाला मागे टाकून गावात घुसतो. कुंपणाआडून कुणीतरी स्फोटकांची पिशवी ठेवून निघून जातो. आतल्या तिघांत एक चालवणारा, एक तोफ डागणारा आणि एक बघणारा, आणि बघणाऱ्याला मागचे दिसत नव्हते. अधिकारी झालेल्या मुलाकडे माइकच नसेल, तर त्या तुकडीचे पाच जण आंधळे. हे सगळे घडत असताना उत्तम नेमबाज असण्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो.

हे वाचून मराठी माणसाला पानिपत आठवायला हवे. आपण पानिपत सांगतो ते शौर्याचे, भाऊसाहेबांच्या हत्तीवरून उतरण्याचे, विश्वासरावांना लागलेल्या गोळीचे. पण १४ जानेवारी १७६१च्या आधी अडीच महिने अब्दालीने काय केले? दिल्लीकडची वाट तोडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसदीची उरलीसुरली आशा गेली. धान्य संपले, जनावरे मेली, आणि उपाशी फौज ‘आता लढून तरी मरू’ म्हणून बाहेर पडली. शाळेच्या पुस्तकात हे एका वाक्यात येते आणि परीक्षेत विचारले जात नाही. गॅरिसन नसलेल्या फौजेत नव्वद मिनिटे घालवलेल्या पोराला ते एक वाक्य वर्गातल्या कुणापेक्षाही जास्त कळेल. नेमबाजी शिकवणारा खेळ म्हणून ज्याला झोडपायचे, तो प्रत्यक्षात शिकवतो ते हे: पुढच्या रांगेतला एक गडी उभा राहतो तो मागच्या ओझे वाहणाऱ्यांच्या जोरावर.

ही गोष्ट नवीही नाही. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्स नावाच्या लेफ्टनंटने लष्करप्रमुख म्युफलिंग यांना नकाशावरचा युद्धखेळ दाखवला. दोन्ही पक्ष वेगळे बसत, मध्ये पंच. आपली पलटण नेमकी कुठे आहे हे सेनापतीला पंच सांगेल तेवढेच कळायचे, दिलेला हुकूम पोचायला वेळ लागायचा, आणि तोवर परिस्थिती पालटलेली असायची. सैनिकांच्या रंगीत ठोकळ्यांपेक्षा हा न कळण्याचा नियम म्हणजे त्या खेळाचा शोध होता. १९४२ मध्ये लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण मुलींनी जमिनीवर रेघा आखून जहाजांचा खेळ मांडला. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना पडद्याच्या फटीतून समुद्रावर दिसले असते तेवढेच दिसे. त्या खेळातून लक्षात आले की जर्मन पाणबुडी जहाजांच्या ताफ्याच्या बाहेरून नव्हे, आत शिरून मारा करते आहे, आणि त्यावरचा डाव अटलांटिकमध्ये खरोखर वापरला गेला. बुद्धिबळावर आपण चतुरंग सेनेचा वारसा म्हणून अभिमान मिरवतो, पण त्यात सेनापतीला सगळा पट लख्ख दिसतो आणि प्यादे कधी घाबरत नाही. युद्धाबद्दल बुद्धिबळ जास्त खोटे बोलते. तरी त्यावर कुणी मोर्चा नेत नाही, कारण तिथे रक्त दिसत नाही. परत तेच, रंगाचे शहाणपण.

इथवर वाचून खेळणारे खूश झाले असतील, तर त्यांनाही एक प्रश्न. ‘गेमचा काही परिणाम होत नाही’ हे आणि ‘गेम आम्हाला टीमवर्क शिकवतो’ हे, दोन्ही एकाच श्वासात कसे म्हणता? परिणाम होत असेल तर दोन्ही बाजूंनी होईल. अमेरिकन लष्कराला हे चांगले ठाऊक होते. ४ जुलै २००२ रोजी त्यांनी ‘अमेरिकाज आर्मी’ हा तुकडीने खेळायचा शूटर स्वतः काढला, फुकट वाटला आणि वीस वर्षे चालवला. तो भरतीसाठी होता आणि ते कुणी लपवलेही नव्हते. जगातले सगळ्यात बलाढ्य लष्कर ज्यावर पैसे लावते ते मनावर काहीच उमटवत नाही, असे म्हणणे म्हणजे जाहिरातीवर कोट्यवधी उधळणारे सगळे व्यापारी मूर्ख आहेत असे म्हणणे.

मग विरोधकांचे खरे? अर्धे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. हिंसक खेळ आणि खरोखरची हिंसा यांचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, पण आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडा, तरीही सातत्याने दिसणारा संबंध आहे. ‘थोडा’ हा शब्द गाळून एक बाजू बोलते आणि ‘सातत्याने’ गाळून दुसरी. वेळेचे म्हणाल तर तो आक्षेप मी विनाअट मान्य करतो. नव्वद मिनिटांचा सामना मध्ये सोडता येत नाही, सोडला तर तुकडी लंगडी पडते, म्हणून जेवायला हाक मारली तरी मूल उठत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत खेळाच्या व्यसनाला जागा आहे आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण हा घड्याळाचा प्रश्न आहे. क्रिकेटच्या फँटसी ॲपवर रात्र जाळणाऱ्या बापाने तो युद्धखेळाच्या नावावर खपवू नये.

आता त्या खोटीकडे. सुरुवात मलमपट्टीवाल्यापासून करू, कारण नियम कसा नकळत माणूस बदलतो हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते. ‘हेल लेट लूज’मध्ये मेडिक आहे, पण तो बहुतेक वेळा बेकार असतो. जखमी होऊन पडलेला खेळाडू ओरडत त्याची वाट बघू शकतो, पण कळ दाबून ठेवून ‘आता मरतो’ म्हटले की काही सेकंदांत आउटपोस्टवर किंवा गॅरिसनवर ताजातवाना उभा. मेडिक गोळीबारातून सरपटत येईपर्यंत थांबायचे कशाला? जखमीच्या मरण्याने फौजेच्या खात्यातून काहीच वजा होत नाही. मग शेजारी पडलेल्या सोबत्याकडे कुणी वळूनही बघत नाही, आणि यात कुणाचा दुष्टपणा नाही. हिशेबच तसा आहे.

त्याच्या शेजारी ‘स्क्वॉड’ हा दुसरा खेळ ठेवा. हा आजच्या युगातल्या लढायांचा, नऊ-नऊ जणांच्या तुकड्यांचा. इथे प्रत्येक फौजेला ठरावीक ‘तिकिटे’ मिळतात. जखमी खेळाडूने हार मानली की एक तिकीट गेले. सोबत्याने पट्टी बांधून उठवले तर वाचले. तिकिटे संपली की सामना हरला. एवढ्या एका नियमाने सगळे चित्र पालटते. मेडिकला कुणी एकटे सोडत नाही, जखमीला ओढून भिंतीआड नेतात, आधी धूर टाकतात आणि मग उठवायला जातात. धूर टाकायला विसरलेला मेडिक जखमीच्या अंगावरच पडतो, आणि एका तिकिटाच्या जागी दोन जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये याच खेळाने बंदूक हाताळणेच अवघड केले. पळून आलेल्याचा हात थरथरतो, जवळून गोळ्या गेल्या की नजर धूसर होते, नेम धरून बसायला वेळ लागतो. त्यावर खेळणाऱ्यांत केवढा गदारोळ झाला! वर्षानुवर्षे कमावलेली एकट्याची नेमबाजी रातोरात स्वस्त झाली होती. त्याच्या बदल्यात दोघांनी गोळीबार करून शत्रूला जागेवर दाबायचे आणि चौघांनी बगलेने वळसा घालायचा, हा पायदळाचा जुना धडा महाग झाला. चित्र तेच, बंदुका त्याच. नियम हलला आणि माणसांची वागणूक हलली.

म्हणून विचारायचे ते हे: या खेळांत कोणता नियम नाहीच? नागरिक नाहीत. स्टालिनग्राडचा नकाशा आहे, त्यात पडक्या इमारती आहेत, खंदक आहेत. २३ ऑगस्ट १९४२ला जर्मन विमानांनी शहर भाजून काढले तेव्हा लाखो माणसे शहरातच होती. नकाशात त्यांच्यातला एकही नाही. नॉर्मंडीतली गावे आहेत, चर्च आहे, स्वयंपाकघरातली भांडीही आहेत, पण चुलीपुढे कुणी नाही. जर्मन सैनिक आणि अमेरिकन सैनिक यांच्यात गणवेश आणि बंदूक सोडून काही फरक नाही. तीच भूमिका, तेच गॅरिसन, तोच अधिकारी. खेळाच्या तोलासाठी हे लागते, हे मान्य. एक बाजू मुळातच दुबळी केली तर खेळायला कोण येईल? पण त्यातून तयार होतो तो एक स्वच्छ धुतलेला जर्मन शिपाई, ज्याच्या पाठीमागे पूर्व आघाडीवर जाळलेली खेडी नाहीत आणि छळछावण्या नाहीत. विरोधकांनी इथे बोट ठेवायला हवे होते. ते मात्र अजून रक्ताचा रंग बघत बसले आहेत.

पानिपतानंतर दक्षिणेकडे आलेल्या त्या सावकारी भाषेतल्या पत्राची आपल्याकडे सगळ्यांना आठवण असते: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्ये कोण, मोहरा कोण, हे आपण शोधून ठेवले. खुर्द्यात यात्रेकरू होते, बायका-पोरे होती, बाजारबुणगे होते. हिशेबात ते तेव्हाही आले नाहीत. युद्धखेळांचा हिशेब त्याच वहीत लिहिला जातो, फक्त तिथे खुर्दा हरवत नाही. तो मुळात छापलेलाच नाही.

‘सिक्स डेज इन फलुजा’चा वाद याच मुद्द्यावर पेटला आणि याच मुद्द्यावर भरकटला. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकन फौजांनी इराकमधल्या फलुजा शहरावर दुसरा मोठा हल्ला केला. बहुतेक नागरिक आधी बाहेर पडले होते, तरी हजारो आतच राहिले होते. लढाईत पांढरा फॉस्फरस शस्त्र म्हणून वापरल्याचे अमेरिकेने वर्षभराने कबूल केले. २००९ मध्ये या लढाईवर खेळ जाहीर झाला आणि टीका होताच प्रकाशक कंपनी कोनामी काही आठवड्यांत बाजूला झाली. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो पुन्हा हाती घेतला. सुरुवातीला आम्हाला राजकीय भाष्य करायचे नाही असा सूर लावला, मग लोकांनी धारेवर धरल्यावर या घटना राजकारणापासून वेगळ्या करता येत नाहीत असे निवेदन काढले. अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनेने तो विकूच नका अशी मागणी केली. २२ जून २०२३ला तो अपूर्ण स्वरूपात बाजारात आला.

या खेळात चौघांची तुकडी घराघरांत शिरते आणि दर वेळी घरांची रचना नव्याने पडते, म्हणून दाराआडचे काही पाठ करून ठेवता येत नाही. शिपायाची दारापुढची भीती याहून प्रामाणिक नियमाने क्वचित कुणी मांडली असेल. मागणी बंदीची होती, ती मला पटत नाही. ज्यांची घरे ती होती त्यांचा संताप मात्र शंभर टक्के रास्त आहे, कारण बाजारात आलेल्या त्या अपूर्ण खेळात दाराच्या अलीकडची भीती खेळता येत होती आणि पलीकडची येत नव्हती. पण बंदीने नेमके काय साधले असते? शिपायाच्या नजरेतून फलुजा सांगणे वाईट असेल तर त्या लढाईवरच्या निम्म्या आठवणी आणि माहितीपट आधी उचलावे लागतील. योग्य मागणी अशी असती: ज्या खेळात चुकून झाडलेल्या गोळीची किंमत काहीच नाही, त्याने स्वतःला खऱ्या लढाईचे नाव लावू नये.

‘हे सगळे घातले तर खेळ राहणार नाही, प्रवचन होईल,’ असे खेळणारे म्हणतील. हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो २०१७ मध्येच खोडला गेला आहे. ‘आर्मा ३’ हा लष्करी खेळांतला सगळ्यात रूक्ष, सगळ्यात तपशीलवार खेळ. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सोबतीने त्याने ‘लॉज ऑफ वॉर’ नावाचा भाग काढला. त्यात खेळाडू शिपाई नसतो. युद्ध सरून गेलेल्या एका गावात पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणारा मदत संस्थेचा माणूस असतो. कुणी, कधी, का पेरले, हे तो खणत जातो आणि एकाच गावाचे चार-पाच वेगवेगळे भूतकाळ त्याच्या हाती येतात. लढणाऱ्यांच्या बाजूनेही खेळायला मिळते, आणि तेव्हा आपणच टाकलेले काहीतरी नंतर कुणाच्या तरी पायाखाली येणार हे माहीत असते. खेळ मेला नाही. लोकांनी तो विकत घेतला, आणि कंपनीने त्या भागाच्या त्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातला अर्धा हिस्सा रेडक्रॉसला दिला. (याच ‘आर्मा ३’ची दृश्ये मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत खऱ्या हल्ल्याची म्हणून मोबाइलवर फिरत होती आणि शहाणीसुरती माणसे ती पुढे ढकलत होती. तो खेळ खेळणारी पोरे पहिल्या दोन सेकंदांत ओळखत होती. युद्धखेळाने कुणाला खऱ्याखोट्यातला फरक कळेनासा होतो, याचे उत्तर त्या आठवड्यात घरोघरी मिळाले असते.)

दुसरे जे गाळले आहे ते शरण येणे. जगातल्या बहुतेक लढाया शेवटच्या माणसापर्यंत लढल्या जात नाहीत. कुणीतरी हात वर करतो. त्याला मारायचे नाही, पाणी द्यायचे, त्याच्यावर दोन माणसे पहाऱ्याला गुंतवायची. हा युद्धातला सगळ्यात अवघड नियम, कारण तो पाळायचा असतो मघाशी आपल्या सोबत्याला मारलेल्या माणसाच्या बाबतीत. डावपेच म्हणूनही तो किती समृद्ध आहे! कैदी पकडला तर शत्रूचे गॅरिसन कुठे आहे ते कळेल, पण पहाऱ्याला माणूस जाईल. शरण आलेल्याला मारले तर तिकिटे कापली जातील आणि पुढच्या वेळी समोरचा शेवटच्या काडतुसापर्यंत लढेल. मेडिकला किंमत द्यायला जसा एक आकडा पुरला, तसा इथेही पुरेल.

‘हेल लेट लूज’मध्ये वाळवंटातले नकाशे आहेत, अल अलामीन आणि तोब्रुक. जर्मनांच्या विरुद्ध बाजूचे नाव तिथे ‘ब्रिटिश’ असे लागते. अलामीनजवळच्या ‘रुवैसात’ नावाच्या कड्यावर चौथी भारतीय डिव्हिजन होती. तोब्रुकला जून १९४२ मध्ये संरक्षक फळीची आग्नेय बाजू अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होती, आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. २० जूनच्या पहाटे विमानांनी आधी त्याच पट्ट्यावर बाँब ओतले, सुरुंगांतून वाटा काढल्या आणि रणगाडे आत घुसले. मराठ्यांची फळी फुटली. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तोब्रुक शरण गेले आणि सुमारे ३३ हजार माणसे कैदेत गेली. कोकणातल्या, सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत तेव्हा माणूस मेला की जिवंत आहे हे कळायलाच किती काळ गेला असेल. आज त्याच भागातला एखादा मुलगा रात्री दहाला तोब्रुकचा नकाशा उघडतो. गॅरिसन कुठे टाकायचे, सुरुंग कुठे पेरायचे, रणगाड्याला मागून कसे गाठायचे, हे सगळे त्याला करता येते. ते ३३ हजार जण ज्या एका कृतीने वाचले, तिच्यासाठी मात्र त्याच्या कळफलकावर एकही कळ नेमलेली नाही.